आजोबांच्या वतीने

“इट मीन्स गार्बेज डंप,” ब्रदर देशपांडे म्हणाले, आणि खोली हसली.

वाईट हसली नाही, हे आधीच सांगते. मूल पहिल्यांदा चालताना बसकण मारतं तेव्हा मोठी माणसं हसतात, तसं. मऊ. रविवारची दुपार, वंशावळीचा वर्ग, वीसेक माणसं, एसी इतका गार की सगळ्यांनी स्वेटर आणलेले. भिंतीवरच्या पडद्यावर माझं घराणं. उघडलेल्या पंख्यासारखा अर्धगोल तक्ता. तळाला मधोमध मी. माझ्यावर आईवडील, त्यांच्यावर चार खण, मग आठ, मग सोळा. माझ्या पंख्याचा वरचा सगळा घेर पांढरा. आठांच्या ओळीत एकच खण भरलेला. आईच्या वडिलांचे वडील. उकिर्डा.

ब्रदर देशपांडेंच्या पॉइंटरचा लाल ठिपका त्या नावावर गोल गोल फिरत होता. माशी फिरते तसा.

“आमच्याकडे गावाबाहेर जिथे शेण, राख, केर टाकतात ना, ते,” त्यांनी इंग्रजीत आणखी खुलासा केला. “तर हे सिस्टरचे पणजोबा. मिस्टर गार्बेज डंप.”

पुन्हा हसू. शेजारच्या फिलिपिनो मुलीने माझा हात दाबला. “सो क्यूट!” ती म्हणाली.

मीही हसले. दात दाखवून.

हे नाव का ठेवतात, ते त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. मला आणि त्यांना. आधीची दोन-तीन मुलं दगावली की पुढच्याला आई उकिरड्यावर लोळवून आणते आणि तेच नाव ठेवते. मृत्यूने बघावं आणि म्हणावं, हे तर टाकून दिलेलंच आहे, राहू दे. त्या नावात एका बाईने मृत्यूला घातलेली टोपी आहे. आमच्यातच नाही, सगळ्यांत ठेवतात. देशपांड्यांच्याही वाड्यात एखादा दगडू, एखादा धोंडू निघेल. त्यांनी शब्दाचा अर्थ सांगितला. नावाचा सांगितला नाही.

*

माझं आडनाव मी इथे लिहीत नाही. मराठी माणसाला आडनाव कळलं की पुढचं तो स्वतःच वाचून घेतो, माझी गरज उरत नाही. त्यांचंही खरं आडनाव देशपांडे नाही. पण त्याच आळीतलं आहे.

मी सिंगापूरच्या एका विद्यापीठात पोस्टडॉक आहे. जखमेवर जिवाणूंचा थर कसा बसतो, यावर माझं काम. आले तेव्हा पहिल्या वर्षी इथल्या मराठी लोकांत गेले होते. एका काँडोच्या फंक्शन हॉलमध्ये पुरणपोळ्या होत्या, नऊवारी होत्या, आणि एक काकू होत्या.

“मूळच्या कुठल्या?”

“दौंड.”

“दौंडमध्ये कुठे?”

“रेल्वे क्वार्टर्स.”

“हो, पण त्याच्या आधी?”

त्याच्या आधी. या दोन शब्दांत काकूंनी माझी चार पिढ्यांची चौकशी उरकली. पुरणपोळी मिळाली. पुढचं बोलावणं मिळालं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. फक्त मेसेज येणं बंद झालं. सिंगापूरमध्ये सगळं स्वच्छ असतं, तसं हेही स्वच्छ झालं.

त्यानंतर काही महिन्यांनी पाया लेबार स्टेशनच्या बाहेर दोन गोऱ्या मुली भेटल्या. गुडघ्याखाली स्कर्ट, छातीवर काळी पाटी, पाटीवर ‘सिस्टर’ आणि पुढे नुसतं आडनाव. माझ्या हातात दहा किलो तांदळाची पिशवी होती. त्यांनी ती दोन्हीकडून धरली आणि माझ्या ब्लॉकपर्यंत आणली. धर्मांतरामागे लोक तत्त्वज्ञान शोधतात. माझ्या मागे तांदूळ होता. हे वाक्य माझ्याविरुद्ध वापरता येईल, ठाऊक आहे. वापरा.

अशी मी मॉर्मन, म्हणजे ख्रिश्चनांतल्या एका अमेरिकन पंथाची, झाले. ‘मॉर्मन’ म्हणू नका, पूर्ण नाव घ्या, असं आता वरून आलेलं आहे. पण पूर्ण नाव इतकं लांब की सांगून होईपर्यंत समोरचा पुढच्या स्टेशनला उतरतो. इथे चहा-कॉफी वर्ज्य, म्हणून मी चहा सोडला. मराठी बाईने चहा सोडणं हा मी जवळून पाहिलेला एकमेव चमत्कार. दर रविवारी तिसऱ्या रांगेत बसू लागले. इथे पगारी पुरोहित नाही. आमचे बिशप पॉलिटेक्निकमध्ये अकाउंट्स शिकवतात आणि उरलेल्या वेळात माणसांना धीर देतात. इथे सगळे एकमेकांना ब्रदर किंवा सिस्टर लावून आडनावाने हाक मारतात. बिशपांनी पहिल्याच दिवशी माझ्या आडनावाचे असे तीन तुकडे केले की त्यातली जात जागच्या जागी मेली. मी त्यांचा उच्चार कधीच सुधारला नाही.

तीन वर्षं कुणी विचारलं नाही, त्याच्या आधी काय. मला व्यासपीठावर उभं करून बोलायला लावलं. तापात पडले तर दारात सूप ठेवून गेले. मी सुखी होते. पुढे जे झालं त्याने हे खोटं ठरत नाही. म्हणूनच तर ते विसरता येत नाही.

मग ब्रदर देशपांडे बदली होऊन आले. तांजोंग पगारला एका फायनान्स कंपनीत मोठ्या जागेवर. अमेरिकेत शिकताना त्यांनी हा धर्म घेतला होता. जानवं गेलं होतं, खांदा तसाच होता. पहिल्या रविवारी मराठीत बोलले तेव्हा मला भरून आलं.

“अरे वा! तुम्ही मराठी? किती बरं वाटलं हो तुम्हाला भेटून.”

दुसऱ्या रविवारी पॅसेजमध्ये गाठून म्हणाले, “मूळच्या कुठल्या तुम्ही?”

तिसऱ्या रविवारपासून मला ‘तू’ म्हणू लागले. “मोठ्या भावासारखा आहे मी तुला,” म्हणाले. इंग्रजीत ‘यू’ एकच. म्हणून त्या हॉलमध्ये कुणालाही काही कळलं नाही. मलाही कळायला नको होतं. पण कानाला कुलूप घालता येत नाही.

*

आमच्या धर्मात मेलेल्यांनाही बाप्तिस्मा देता येतो, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मृताच्या वतीने एक जिवंत माणूस मंदिरातल्या कुंडात उतरतो. मृताचं नाव मोठ्याने उच्चारतात. जिवंत माणूस पाण्याखाली जातो आणि वर येतो. पुरुषासाठी पुरुष, बाईसाठी बाई. त्यासाठी आपापले पूर्वज शोधून त्यांची नावं एका सामाईक वंशवृक्षात भरायची. आमचं जवळचं मंदिर बँकॉकला. वॉर्ड म्हणजे आमची मंडळी, तिकडे वर्षातून एकदा जाते. या वर्षी मीही जाणार होते.

मी उत्साहात नावं भरली होती. आजोबा, म्हणजे आईचे वडील. पणजोबा उकिर्डा.  आजोबांच्या नावापुढे एक चौकोन आला. अलीकडच्या माणसांसाठी सर्वांत जवळच्या वारसाची परवानगी लागते. ‘परवानगी घेतली आहे.’ मी खूण केली. आजोबांची एकुलती एक लेक म्हणजे माझी आई. तिला मी विचारलं नव्हतं. प्रयोगशाळेत रोज असे वीस चौकोन भरते मी. हात आपोआप गेला.

त्या रविवारी वर्ग संपल्यावर ब्रदर देशपांडे लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले.

“रागावली नाहीस ना? गंमत केली गं. पण विचार कर, हे नाव मंदिरात मोठ्याने वाचणार. तिथे किती देशांचे लोक असतात. म्हणून मी एक छोटी दुरुस्ती करून टाकलीय.”

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. पणजोबांच्या खणात लिहिलं होतं: उत्तमराव.

त्या वंशवृक्षाचा एक नियम आहे. जिवंतांची माहिती ज्याची त्यालाच दिसते. मेलेल्यांची कुणीही दुरुस्त करू शकतो.

“छान वाटतं की नाही?” ते म्हणाले.

त्यांची स्वतःची वंशावळ चौदा पिढ्यांची. नाशिकच्या उपाध्यांच्या वहीत जशीच्या तशी मिळाली होती. पंखा पूर्ण भरून वर उरली होती. तिच्यात एका अक्षराचीही दुरुस्ती नव्हती.

मी म्हटलं, “हो.”

*

त्या आठवड्यात पणजोबा माझ्याबरोबर राहायला आले.

मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांचा फोटो नाही. आजोबांना लहानपणी विचारलं होतं, तुमच्या वडिलांना गावात काय म्हणायचे? आजोबा म्हणाले होते, “नावानं कोण बोलवतंय? हाक यायची.” हाक कशी यायची, ते त्यांनी करून दाखवलं नाही. मी हट्ट केला तेव्हा उठून बाहेर गेले.

आता ती हाक मला ऐकू येऊ लागली. पाया लेबारला गाडी पकडताना चार भाषांतून घोषणा होतात. इंग्रजी, चिनी, मलय, तमिळ. चौथी संपली की गाडी सुटायच्या आधी एक क्षण मोकळा असतो. त्या क्षणात पाचवी यायची. लांबून, ओट्यावरून मारलेली, उत्तराची वाट न बघणारी हाक. आणि तिला ओ देणारा एक आवाज, फार जवळून: “जोहार, मायबाप.” मी वळून बघायचे. मागे शाळेच्या गणवेशातली पोरं फोनमध्ये मान घालून उभी असायची.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. भुतांवर माझा विश्वास नाही. पण जो धर्म मी घेतला त्याचं निम्मं काम मेलेल्यांशी आहे, आणि मेलेल्यांना हे कळलेलं दिसत होतं.

उत्तमराव मात्र आले नाहीत. त्यांना येता येईना. ते कुणीच नव्हते.

बुधवारी ब्रदर देशपांडेंनी मला जेवायला तांजोंग पगारला बोलावलं. जुन्या दुकानघरांच्या ओळीतलं एक रेस्टॉरंट, वर काचेच्या इमारती. वेटरने कॉफी विचारली तेव्हा त्यांनी आमच्या दोघांच्या वतीने हसून नकार दिला आणि बार्लीचं पाणी मागवलं. मग बँकॉकची यादी उघडली. डावीकडे मृताचं नाव. उजवीकडे, त्याच्या वतीने कोण.

आजोबांच्या नावासमोर त्यांचं नाव होतं. उत्तमरावांच्या समोरही.

“तू बाई, तुला आजोबांसाठी उतरता येणार नाही,” ते म्हणाले. “इथे तुझं कुणी पुरुष माणूस नाही. मी प्रार्थना केली. आणि मला उत्तर मिळालं. तुझ्या आजोबांसाठी मीच उतरणार पाण्यात. मी स्वतः.”

त्यांचे डोळे भरले होते. खरे भरले होते. मी जवळून पाहिलं. ढोंग असतं तर किती सोपं झालं असतं.

“आमच्या लोकांनी तुमच्या लोकांना पाण्याला शिवू दिलं नाही. आणि आज त्याच घरातला मी, तुमच्या माणसाचं नाव घेऊन पाण्यात उतरणार. बघ ना. सगळं धुऊन निघेल.”

“कुणाचं?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“कुणाचं धुऊन निघेल?”

त्यांना प्रश्न समजला नाही. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. सूप आलं. मला आठवतं, चमचा तोंडापर्यंत नेताना माझ्या डोक्यात एकच चित्र होतं: आजोबांचं नाव पांढरे कपडे घालून पाण्यात उभं आहे आणि त्याला चेहरा ब्रदर देशपांडेंचा आहे.

मी म्हणाले, “थँक यू, ब्रदर.”

या लिखाणातली सगळ्यात लाजिरवाणी ओळ हीच आहे. हसण्यापेक्षाही.

*

शनिवारी मी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर चालत होते. समुद्रात जहाजं रांगेत थांबलेली, सायकलवाली पोरं घंट्या वाजवत जाणारी. आईला फोन लावला. ती निवृत्त शिक्षिका आहे. कुणाचंही बोलणं संपायच्या आत त्यातली चूक शोधते. मी सगळं सांगितलं. यादी, पाणी, चौकोनातली खूण. तिने एकही चूक काढली नाही.

“त्यांना विचारलंस?” मग म्हणाली.

“कुणाला?”

“तुझ्या आजोबांना.”

“आई, ते गेलेत.”

“हो ना. मग आता नाही म्हणायला येणार आहेत का ते? म्हणून तर तुमचं फावतंय.”

“आमच्यात म्हणतात, तिकडे त्यांना नाकारता येतं. ते फक्त निमंत्रण असतं.”

“अगं, नाकारलंय त्यांनी. उत्तर देऊन झालंय. दौंडहून गाडीनं उभ्यानं गेले होते नागपूरला, लाखो माणसांत उभं राहून बावीस प्रतिज्ञा घेतल्या. आले ते देव्हारा उचलून भीमेत सोडून आले. माझी आई रडत होती. तिला म्हणाले, आता आपल्याला कुणी नेमून दिलेलं काही नको. आपण निवडलंय. आणि तू त्यांना परत कुणाच्या तरी हातानं बुडवायला काढलंस?”

मी चालायची थांबले.

“तू तुझा धर्म घेतलास, मी बोलले का? नाही. तुझा जीव आहे, बुडव नाहीतर तार. पण माझा बाप तुझ्या नावावर नाही.”

“आई, चुकलं.”

“आणि ते उत्तमराव कोण?”

मी सांगितलं. फोनवर आई हसली. वाईट हसली. ते हसू मी त्या खोलीत हसायला हवं होतं.

“तुझे आजोबा रिटायर होताना रेल्वेच्या शेडमधल्या हापिसातला क्लार्क हेच म्हणाला होता त्यांना. म्हणे, बाबा, वडलांचं नाव जरा बरं लावू का पेन्शनच्या कागदावर, उकिर्डा बरं दिसत नाही. तुझे आजोबा काय म्हणाले माहितीय?”

“काय?”

“म्हणाले, साहेब, ज्यानं मला वाढवला त्याचं लिहा. नाहीतर तुमच्या वडलांचं लिहा, पण मग पेन्शन त्यांना पाठवा.”

मी हसले. मग वाळूच्या कडेच्या बाकावर बसून रडले. माझ्या समोरून एक बाई कुत्र्याला बाबागाडीत बसवून घेऊन गेली.

*

दुसऱ्या दिवशी रविवार. बँकॉकला जायला चार दिवस.

आमच्याकडे कुणाला नवी जबाबदारी द्यायची असली की सभेत नाव पुकारतात आणि म्हणतात, जे अनुकूल असतील त्यांनी उजवा हात वर करावा. शंभर हात वर जातात. मग म्हणतात, विरोधात कुणी असल्यास त्याच खुणेने दाखवावं. मग अर्धा सेकंद थांबतात. तीन वर्षांत त्या अर्ध्या सेकंदात मी एकही हात पाहिला नव्हता. तो अर्धा सेकंद म्हणजे आमच्या सभेतला सगळ्यात रिकामा वेळ. लोक त्यात घसा साफ करून घेतात.

त्या रविवारी ब्रदर देशपांडेंचं नाव पुकारलं. पूर्वजांच्या नोंदी आणि मंदिराचं सगळं काम यापुढे त्यांच्याकडे. हात वर गेले. माझा गेला नाही.

“विरोधात कुणी असल्यास.”

कुणीतरी खोकलं. आणि समोर, खिडकीच्या काचेत, मला एक हात वर दिसला. मनगटावरच्या घड्याळावरून कळलं की तो माझा आहे.

खोली हसली नाही. कुणी माझ्याकडे वळलं, कुणी बुटांकडे पाहिलं. व्यासपीठावर नाव पुकारणाऱ्या माणसाने कागद खाली केला, बिशपांकडे पाहिलं, आणि फार हळू म्हणाला, “नोंद घेतली. सिस्टर, सभेनंतर बिशपांना भेटा.” मग स्तोत्र सुरू झालं. मी सूर धरला नाही. हात खाली आणताना दुखत होता, जणू काही तासभर वर होता.

पॅसेजमध्ये ब्रदर देशपांडेंनी मला गाठलं.

“अगं, काय केलंस हे? चार लोकांत?”

“चार लोकांतच हसवलंत तुम्ही.”

“त्यासाठी एवढं? मी तुझ्या आजोबांसाठी पाण्यात...”

“माझ्याशी बोलताना ‘तुम्ही’ म्हणा.”

ते थबकले.  इतक्या वर्षांत त्यांना मराठीत हे कुणी सांगितलं नसावं. त्यांनी इंग्रजीचा आसरा घेतला. “यू आर अपसेट, सिस्टर,” म्हणाले.

मी बिशपांच्या खोलीबाहेर बसले. शेजारी सिस्टर लिम येऊन बसल्या. सत्तरीच्या, वर्गात मागच्या रांगेत असतात.

“माझ्या वडिलांचं नाव आ काव होतं,” त्या मधूनच ‘लाह’ जोडणाऱ्या इथल्या इंग्रजीत म्हणाल्या. “आ काव म्हणजे कुत्रा. आधीची दोन गेली होती ना. मी आ काव म्हणूनच भरलं, लाह. कुणी बदललं नाही.”

“त्या दिवशी तुम्ही हसलात?” मी विचारलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “सगळे हसले, मी पण हसले. म्हणून आले.”

त्यांनी माफी मागितली नाही. उठून गेल्या. मला ते बरं वाटलं.

*

बिशपांनी दार लावलं. टेबलावर टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. मी तो परत सरकवला.

मी सगळं सांगितलं. नाव, हसू, दुरुस्ती. शेवटी चौकोन सांगितला. परवानगी घेतली नव्हती, मी खोटी खूण केली. ती दोन नावं आजच्या आज यादीतून काढा. पणजोबांचं नाव होतं तसं करा.

बिशपांनी चष्मा काढला. अकाउंट्सच्या मास्तराला खोटी नोंद सगळ्यात जास्त लागते.

“सिस्टर, ब्रदरचा हेतू चांगला होता,” ते म्हणाले. “आणि तुमच्या आजोबांना तिकडे नाही म्हणता येईल. ते फक्त निमंत्रण आहे.”

“निमंत्रणावर नाव तरी बरोबर घालतात, बिशप. आणि त्यांनी नाही म्हटलेलं आहे. जिवंतपणी, मोठ्याने.”

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, “परवानगी नसेल तर नावं जाणार नाहीत. नियम आहे. पण तुम्ही खोटी नोंद केलीत. मंदिरात जायचा परवाना मला काही काळ थांबवावा लागेल. तुम्हाला बँकॉकला जाता येणार नाही.”

“थांबवा.”

“तुम्ही वर्षभर वाट पाहिलीत या सहलीची.”

“हो.”

“आणि ब्रदरची जबाबदारी कायम राहील. एका हाताने ती जात नाही. तुम्हाला हे कळतंय ना?”

“कळतंय.”

ते पुढे झुकले. आवाज मऊ झाला. तापात सूप ठेवणाऱ्या माणसाचा आवाज. “मग पुढच्या वेळी, सिस्टर, हात खालीच ठेवला तर? एकोप्यासाठी. तुम्ही आमच्यातल्या आहात.”

तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. त्यांच्या चांगुलपणाची. या खोलीत मला कुणी हाकलत नव्हतं. मला फक्त थोडी कमी होऊन आत राहायला सांगत होते. पणजोबा थोडे उत्तमराव, आजोबा थोडे देशपांडे, मी थोडी गप्प. एवढ्यावर सगळं मिटत होतं.

“बिशप,” मी म्हटलं, “विरोधात कुणी आहे का, हे तुम्ही दर वेळी विचारता. खरंच विचारता का?”

त्यांनी उत्तर शोधलं. प्रामाणिक माणूस. “विचारावंच लागतं,” म्हणाले.

“मग मी सांगत राहीन.”

गुरुवारी मंडळी बँकॉकला गेली. माझी दोन्ही माणसं त्या यादीत नव्हती. पणजोबांच्या खणात मी स्वतः पुन्हा उकिर्डा लिहिलं आणि खाली कारण विचारतात तिथे लिहिलं: हे त्यांच्या आईने ठेवलेलं नाव आहे. ते पुन्हा कुणी बदललं तर मी पुन्हा लिहीन. रोज बदललं तर रोज लिहीन. बिशपांना माझ्या आडनावाचा बरोबर उच्चार मी लिहून दिला आहे, तीन तुकडे जोडून. त्यातून कुणाला काय वाचायचं ते वाचू दे.

पणजोबा अजून जात नाहीत. पाया लेबारला त्या मोकळ्या क्षणात हाक येतेच. आता मी वळून बघत नाही, त्यांच्या बाजूने उभी राहते. त्यांना मुक्ती द्यायची माझी पात्रता नाही आणि त्यांनी ती मागितलेली नाही.

मी हा धर्म सोडलेला नाही. सोडला तर दोन्ही बाजूंना फार सोयीचं होईल. काकू म्हणतील, ही लोकं अशीच. ब्रदर म्हणतील, कृतघ्न. येत्या रविवारी मी तिसऱ्या रांगेतच बसणार आहे. ज्यांना मी बहीण म्हणून हवी असेन त्यांना मी अख्खी घ्यावी लागेल, माझ्या मेलेल्यांसकट, त्यांच्या नकारासकट. आणि जोपर्यंत विचारणार आहात तोपर्यंत हात वर येईल.